वर्षाचं पहिलं पाऊल

"बायको कुठं असते रे तुझी?" साउमावशीनं भाताचं भांडं पुढं सरकवत विचारलं.

"घरीच," थो म्हणाला.

"मुलंबाळं?"

"एक मुलगी. सध्या आजीकडे आहे."

"आईवडील?"

"दोघंही ठणठणीत."

कोल्ड स्टोरेजची यंत्रं दुरुस्त करत थो वर्षानुवर्षं एकटा गावोगाव हिंडत होता. प्रत्येक मुक्कामी हेच प्रश्न. उत्तरं इतकी पाठ झालेली, की तोंड आपोआप चालायचं. एकटा पुरुष म्हटला की लोक जरा बिचकतात. घरदार आहे म्हटलं की ताटात जास्तीचं अंडं पडतं. आजही पडलं.

व्हिएतनामच्या दक्षिण टोकाला, का माउ या गावी, कोळंबीच्या कारखान्यातलं यंत्र ऐन नव्या वर्षाच्या तोंडावर बंद पडलं होतं. कंपनीत सगळ्यांनी गावाची तिकिटं काढलेली. थोनं आपणहून हात वर केला. काम आज संपलं, पण परतीची बस उद्या दुपारची.

"सणाला निघालास, तर बायको भांडली नाही?"

"नाही. काहीच बोलली नाही."

"गुणाची हो पोर!"

मावशीच्या घरामागं भाड्याच्या चार खोल्या होत्या. जेवण मागच्या अंगणात. मावशीनं दहादा बोलावलं, तरी थो घरात काही गेला नाही. बुटांना ग्रीस लागलंय म्हणाला.

तेवढ्यात फाटकाशी शेजारचे उतकाका आले. शर्टावर छातीशी काळ्या कापडाचा चौकोन टाचलेला. केळीच्या पानात बांधलेला सणाचा भात त्यांनी फाटकावरूनच दिला आणि आल्या पावली परतले.

"बिचारे," मावशीची सून दिएम म्हणाली, "आई गेली तेव्हापासून..."

"गप! जीभ आवर!" मावशीनं तिच्या तोंडावर हातच ठेवला. "आजच्या दिवशी तो शब्द या अंगणात नको. छातीवर सुतकाचा काळा तुकडा आहे म्हणून तो शहाणा माणूस वर्षभर कुणाचा उंबरा चढायचा नाही, आणि तू इथं बसून तेच उगाळ!"

थो पाणी प्यायला.

दिएमला सातवा लागला होता. आधीची दोन राहिली नव्हती. तिचा हात सारखा पोटावर जायचा, आणि मावशीची नजर त्या हातावर.

"थो," मावशी एकदम जवळ सरकली. "उद्या उजाडता पुढच्या दारानं तू यायचंस. वर्षाचं पहिलं पाऊल तुझं. पहिला पाहुणा जसा, तसं घराचं वर्ष जातं."

"मी?" थोनं चमचा खाली ठेवला. "छे छे मावशी, दुसरं कुणीतरी बघा."

"कुणाला बघू? जन्मवर्ष जुळतंय, आईबाप आहेत, बायको-लेक आहे, आणि नावाचा अर्थच दीर्घायुष्य! देवानंच धाडलंय तुला."

"माझा पायगुण बरा नाही. जिथं जातो तिथलं यंत्र बिघडलेलंच असतं."

"आणि तू गेलास की सुरू होतं!" मावशी खदखदून हसली. "नाही म्हणायचं नाही हं."

"दादा," दिएम हळूच म्हणाली, "या ना. मी निर्धास्त होईन."

खरं कारण थोच्या ओठांवर आलं होतं. पण दिएमच्या तोंडावर ठेवलेला मावशीचा तो हात त्याला आठवला. आज, या पोरीसमोर, कसं बोलायचं? त्यानं मान खाली घातली. ती होकाराचीच समजली गेली.

रात्रभर त्याला झोप नाही. भित्र्यासारखं काय पळायचं, असंही वाटलं. एक पाऊल तर टाकायचं, कुणाला कळणार? पण भिंतीपलीकडून दिएम खोकली, आणि तो उठून बसला. झुंजुमुंजू होताच बॅग उचलून तो मागच्या फाटकानं सटकला.

कारखान्याच्या दारात पहारेकरी बिन पेंगत होता. जुळ्या मुलांचा बाप, आईबाप धडधाकट, स्वभावानं बडबड्या.

"धावत जा," थो म्हणाला. "साउमावशीकडे पहिलं पाऊल टाकायचंय. वाटेत शकुनाचं एक कलिंगड घे. दाराशी मी बसतो."

"पैशांचं लाल पाकीट मिळेल, जेवण मिळेल... आणि तू नाही जात?"

"जा रे बाबा! उजाडतंय."

सूर्य वर आला तसा फोन वाजला.

"पळपुट्या!" मावशी कडाडली. "तो बिन आला म्हणून निभावलं. आल्याआल्या पोरीला हसवलंन. पण तू? माझं भात-अंडं खाऊन एक पाऊल जड झालं तुला? माझी पोर रडली की रे, दादाला आम्ही नकोसे झालो म्हणून!"

"चुकलं, मावशी."

"पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस!"

"नाही येणार."

मावशीचा आवाज थोडा उतरला. "सणाचा दिवस आहे. बायकोशी तरी बोललास का?"

"आता बोलतो."

फोन ठेवून थोनं हत्यारांची बॅग उघडली. पान्यांच्या खाली, मुलीच्या रुमालात गुंडाळून ठेवलेला, बायकोच्या सुतकाचा काळ्या कापडाचा चौकोन त्यानं बाहेर काढला, आणि छातीशी, जिथून मावशीच्या फाटकाशी परवा काढला होता तिथंच, पुन्हा टाचला.