सरावाची प्रत

इंदूरच्या पद्मजा किबे यांनी विचारलं होतं, ‘वडिलांनी वाचनालयाला दिलेली हस्तलिखित वही अजून आहे का?’ पत्र आलं तेव्हा पुस्तकांची यादी अपुरी होती, म्हणून ती यादी संगणकावर चढवणाऱ्या रेगेअण्णांनी उत्तर लिहिलं नाही. यादी झाली तोवर तीन वर्षं उलटली आणि उशिराची लाज वाटू लागली.

क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, यादीच्या दोन प्रती होत्या, एक सरावाची आणि एक वाचकांची. अण्णा संगणकाला द्यायची प्रत्येक कमांड आधी कागदावर लिहीत, मगच टाइप करत. तरी आज सरावाची पुसताना वाचकांची पुसली गेली. कमांड टाइप करायच्या पडद्यावरच्या दोन्ही काळ्या खिडक्या दिसायला अगदी सारख्या.

“शामल, सगळी यादी गेली,” ते ग्रंथपाल बाईंना म्हणाले. “मला हे झेपणारं नव्हतंच.”

“कुलूप तीनदा ओढून बघणारे तुम्ही! बॅकअप घेतला नाहीत?”

“घेतला. पण तो नीट झाला की नाही, कोण जाणे.”

“मग?”

“मग दुसरा घेतला.” ते ओशाळले. “तिसराही.”

शामल खळखळून हसली. अण्णांनी बॅकअपमधून यादी परत आणायची कमांड दिली. अठरा हजार पुस्तकं परतली. खात्रीसाठी त्यांनी एकच नाव शोधलं, किबे. कपाट सात, खण तीन. जाऊन पाहिलं, वही तिथेच होती.

संध्याकाळी इंदूरला धाडायचं उत्तर टपालपेटीत पडलं. त्याची नक्कल अर्थातच अण्णांच्या खिशात होती.