दवाखान्याची फाईल

चकलांब्याच्या सोमनाथनं वेडाच्या झटक्यात आईच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. तिचं तेरावं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचे वडील, सिदूमामा, बीडला वकीलबाईंच्या दारात जाऊन बसले. बायको तर गेलीच होती, निदान पोरगं तरी जन्मठेपेतून सुटावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"मामा, कायदा वेड्याला माफ करतो, पण आधी पुरावा मागतो. सोमनाथच्या आजाराचे कागद आहेत का?"

"लई हायत, बाई!" चार वर्षं गादीखाली जपलेली दवाखान्याची फाईल मामांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.

बाईंनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं. "मामा, सगळीकडं नाव तर तुमचं आहे!"

"मंग? पोराचं नाव लावल्यावर त्याला पोरगी कुनी दिली असती? मीच जायचो. मलाच आवाज ऐकू येतेत, असं सांगायचो. गोळ्या मिळायच्या, त्याची माय कालवणात मिसळून त्याला चारायची. पोरगं चांगलं ऱ्हायचं, बाई. औंदा सोयरीकबी जमली होती."

बाईंनी फाईलमधलं शेवटचं पान काढलं. "मग दोन महिन्यांपूर्वी गोळ्या बंद कशा केल्या?"

मामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.



"डॉक्टरनं मला नीट तपासलं अन् म्हनले, तुमी आता ठणठणीत बरे झालात."