कोपऱ्यावरचं कुंकू

बंबात घालायच्या आधी टपाल मला दाखवत जा, असं प्रेमिलानं सासूला पुन्हा एकदा सांगितलं. रुखमाबाईंनी राख उकरत मान हलवली.

तसा दोष त्यांचा नव्हताच. मनोहररावांनी लग्नाआधी कधीतरी एका केशतेलाच्या जाहिरातीला उत्तर धाडलं होतं. तेव्हापासून इतवारीतल्या त्या दोन खोल्यांत दुनियेचा कचरा येई. ताकदीच्या गोळ्यांची पत्रकं, लॉटरीचे निकाल, 'हे पत्र अकरा जणांना लिहा, नाहीतर घात होईल' अशी कार्डं. रुखमाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या लेखी कागद म्हणजे सरपण. दिवाळीत प्रेमिलाच्या मावशीचं पत्र असंच अंघोळीचं पाणी तापवायला गेलं होतं.

आता तसं होऊन चालणार नव्हतं. रामटेकला प्रेमिलाची आई अंथरुणाला खिळली होती. दहा महिन्यांचं पोर घेऊन उगाच हेलपाटे घालू नकोस, असं तिचे वडील रामाजी म्हणाले होते. वेळ आली की कार्ड टाकतो, त्याच पावली ये. तार करा म्हटलं तर म्हणाले, तार हातात पडली की तू उघडायच्या आधीच खाली पडशील.

मग युक्ती तिनंच काढली. बाबांनी प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट ओढायचं. वाचता येवो न येवो, कुंकू लागलेला कागद कोणती बाई जाळेल? रुखमाबाईंनाही ते पटलं. "बी.ए. झाली ते कामी आलं म्हणायचं," त्या म्हणाल्या. तशी तीन कार्डं आली. तिन्ही देवापाशी ठेवलेली मिळाली.

पोस्टमन कवडू टपाल खिडकीतून आत टाकी आणि ते जिथून आलं त्या गावाचं नाव घेऊन ओरडे. कोपरा फाडलेलं कार्ड मात्र त्यानं कधी आत टाकलं नाही. तसलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर, ती उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. अशा वेळी तो फाटकाबाहेर मुकाट उभा राही, कोणी बाहेर येईस्तोवर.

गुरुवारी बाळाला ताप होता. दात येताहेत, सापडेल ते चावेल, लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं. प्रेमिला औषध आणायला धंतोलीला गेली. परतली तेव्हा बाळ खिडकीखाली गप बसलेलं. एरवी रडून घर डोक्यावर घेणारं पोर. ओठ लालेलाल.

तिनं ते पदरानं पुसले. "आत्याबाई, पान चाटवलंत ना याला?"

"मी काहून देऊ त्याले पान?" रुखमाबाईंचा आवाज खोल गेला होता. "तू अगोदर आंग धुऊन घे वं."

प्रेमिला तिथंच खाली बसली.

कवडू रामटेक म्हणून ओरडला तेव्हा त्या चुलीपाशी होत्या. येऊन पाहतात तर कार्ड जमिनीवर, आणि कोपरा फाटलेला. "घरात टाकलं त्यानं. आजकाल कोणाले रीतभात राहिली नाही."

"काय लिहिलं होतं?"

"चिमट्यानं उचलून बंबात घातलं. अंगावर पाजणारीनं तसलं वाचू नाही. दूध आटते."

मनोहरराव ऑफिसच्या कामानं चांद्याला गेले होते, मंगळवारी यायचे होते. प्रेमिला एकटी निघायला उठली, तर रुखमाबाईंनी तिचा हात धरला. माती तर कालच झाली असेल, आता पळून काय मिळणार? तापातलं लेकरू एष्टीत घालून त्याचंही बरंवाईट करायचं का? दहाव्याला सगळे मिळून जाऊ. बाळाचं अंग तव्यासारखं तापलं होतं. प्रेमिला बसून राहिली.

तीन दिवस तिनं सुतक पाळलं. रुखमाबाईंनी तिला चुलीकडे फिरकू दिलं नाही. स्वतः भाकऱ्या थापल्या, समोर बसून घास घास खाऊ घातलं. दूध आटलं नाही. बाळ प्यायला लागलं की तिच्या डोळ्यांतून टिपं गळत आणि ते लेकरू मूठ उघडून तिच्या गालावर ठेवी.

एकच गोष्ट तिला सलत होती. वेळ आली की कळवतो म्हणाले होते, आणि कळवलं ते एकदम हे. शनिवारी तिनं वडिलांना लिहिलं, "बाबा, एकदा बोलावलं असतंत तर धावत आले असते. मला तिचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाहीत." आणि स्वतः जाऊन ते पेटीत टाकलं.

सोमवारी कवडूची हाक आली नाही. तिचं सहज खिडकीबाहेर लक्ष गेलं. तो फाटकाबाहेर उभा होता, सायकल हातात धरून.

ती बाहेर गेली. त्यानं मान खाली घालून कार्ड पुढे केलं. कोपरा नखानं मुडपून सरळ फाडलेला. अक्षर बाबांचं.

"आज शनिवारी पहाटे तुझी आई गेली. बुधवारी तुला ये म्हणून कार्ड टाकलं, तेव्हापासून तिनं दाराकडचं तोंड वळवलं नाही. एष्टीची वेळ झाली की विचारायची, आली का."

प्रेमिलानं ते दोनदा वाचलं.

"कवडूभाऊ, मग गुरुवारी तुम्ही टाकलंत ते कार्ड? त्याचाही कोपरा फाडलेला होता ना?"

"गुरुवारी?" कवडूनं आठवून पाहिलं. "नाही बाई. त्याच्या कोपऱ्याले तं कुंकू होतं."