तेहेतीस किलोमीटर

"इंद्रायणी, मला एक आकडा दे. फक्त एक!" हैदराबादहून सर फोनवर ओरडत होते.

इंद्रायणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी होती. पिंपळगाव रेणुकाईत मोबाइलला रेंज मिळायची ती तिथेच. मावसबहिणीची हळद रंगात आली होती. हात पिवळेजर्द, म्हणून फोन तिने खांद्याने कानाशी दाबून धरला होता. खाली बँड कान फुटेस्तोवर वाजत होता.

"एक आकडा निघतच नाही, सर. भूकंपाची खोली आठ ते वीस किलोमीटर, एवढंच."

"परीक्षक तेच म्हणतोय ना! एवढं मोघम लिहिलं तर लेखाचा उपयोग काय? जुन्या नोंदीत सरळ तेहेतीस आहे. तू मधला चौदा लिही. लेख छापून येईल, दिवाळीपर्यंत पीएचडी हातात. पाच वाजता पाठवतोय." फोन कटला.

चार वर्षं ती एकाच भूकंपामागे लागली होती. एकोणऐंशी साली, दूर पूर्वेच्या समुद्रात, जिथे भूकवचाचा एक तुकडा दुसऱ्याखाली सरकतो तिथे तो झाला होता. त्याचे धक्के टिपणारी यंत्रं हजारो मैल लांब. भूकंप जरा आधी झाला धरावं, तर तो वर येई. जरा नंतर धरावं, तर खाली जाई. समुद्रतळाजवळचा, उथळ भूकंप समुद्रच उचलतो, त्सुनामी आणतो. पण नोंदीतल्या तेहेतीसवर विसंबून तिथला किनारा नकाशात कमी धोक्याचा रंगवला होता. किनाऱ्यावर गावं होती.

"काय करून राह्यली गं वर? नवरी वाट पाहून राह्यली!" आसरामावशी हळदीची वाटी घेऊन ट्रॉलीला टेकली.

इंद्रायणीने तिला सगळं सांगितलं. मावशीने नीट ऐकून घेतलं.

"मंग आठ हाय का वीस?"

"तेच सांगता येत न्हाई, मावशी."

"मंग न्हाई येत म्हन की! एवढी शिकली, तेवढं म्हनायला काय लाज?"

 इंद्रायणीला असं हसू फुटलं की आवरेना. तिने तसाच पिवळ्या हातांनी फोन लावला.

"सर, आठ ते वीसच पाठवा. आणि खाली लिहा, याहून जास्त आम्हाला माहीत नाही."

"नाकारतील, इंद्रायणी."

"नाकारू द्या, सर!"

ट्रॉलीवरून तिने उडी मारली ती थेट बँडपुढे. वर्गात कधी मान वर न करणारी ती पोरगी फुगडी घालू लागली. मावशीला ओढलं, नवरीला ओढलं, नको नको म्हणणाऱ्या विहीणबाईंनाही ओढलं. पीएचडी हातची जात होती आणि तिला पिसासारखं हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या तशी ती पंगत सोडून ट्रॉलीकडे धावली. सरांनी पहिल्याच घंटीला फोन उचलला.

"परीक्षकाने एका रात्रीत, स्वतःचं नाव घालून उत्तर दिलंय. परीक्षकाचं नाव गुप्त असतं, असं कधी कुणी करत नाही."

"काय म्हणतात?"

बँड पुन्हा सुरू झाला.

"मोठ्याने वाचा, सर!"

सर एकेक शब्द तोडून वाचू लागले, "लेख स्वीकारावा, एकही अक्षर न बदलता. नोंदीतला तेहेतीस हा आकडा मीच लिहिलेला आहे. मी तेव्हा या मुलीच्याच वयाचा होतो. मलाही खोली कळली नव्हती, आणि तसं लिहायची माझी छाती झाली नव्हती."