सिद्धारामची पारख

"न्हाय जमायचं," सिद्धाराम बिरदेवला म्हणाला.

आत्ताच तर बिरदेव तिघांना फरफटत मधल्या रेषेपर्यंत घेऊन आला होता. चौऱ्याहत्तर साल. मिलच्या कबड्डी संघात एकच जागा होती आणि जागेबरोबर मिलमधली कायमची नोकरी. ती मिळाली नाही तर उद्यापासून पुन्हा मेंढरांमागं, हे सांगोल्याहून निघताना आईनं बजावलं होतं.

"डावा गुडघा अधू हाय तुजा. दोन वर्सांत घरी बसशील."

गुडघा दुखतो हे बिरदेवनं आईलाही सांगितलं नव्हतं. सदरा खांद्यावर टाकून तो फाटकाकडे चालू लागला.

संघाचा कप्तान सिद्धाराम याची पारख गावभर गाजलेली. गड्ड्याच्या जत्रेत बैल बघावा तसा तो खेळाडू बघायचा. चालता बैल कुणालाही बरा दिसतो, खोट कळते ती तो उठताना. म्हणून सिद्धाराम फक्त पडलेला गडी कसा उठतो तेवढं बघे. बिरदेव गुडघ्यावर हात टेकून उठला आणि तिथंच मेला.

ही नजर सिद्धारामला वस्ताद कोंडीबांनी दिली. बारा वर्षांपूर्वी त्यांनीच त्याला निवडलं होतं. वस्तादांच्या चाळणीतून आपण पार पडलो, हे सांगताना सिद्धारामची छाती अजून फुगायची.

म्हातारे कोंडीबा कडुनिंबाखाली तंबाखू मळत बसले होते. सिद्धाराम त्यांच्याजवळ टेकला.

"बगितला न्हवं वस्ताद, त्याचा गुडघा?"

"बगितला की. तुज्यासारकाच हाय."

सिद्धाराम हसला. कोंडीबा हसले नाहीत.

"पयल्याच दिशी दिसला हुता मला. म्हनलं, ह्यो गडी दोन वर्सं टिकला तरी लई झालं."

सिद्धारामला एकदम उघडं पडल्यासारखं झालं. बारा वर्षं त्यानं हा गुडघा सगळ्यांपासून लपवला होता. घरी तेल चोळायचं, मैदानावर हसायचं. आणि वस्तादांना सगळं ठाऊक होतं.

"मग मला घेतलं कशापायी?"

कोंडीबांनी आधी फाटकाकडे हात केला. "ए पोरा, थांब रं! माघारी ये!" बिरदेव वळला. मग म्हाताऱ्यानं तंबाखूची चिमूट दाढेला धरली.

"त्या दिशी दुसरं कोन आलंच न्हवतं."