अधांतरी खांब

खांब हवेत लोंबकळत होता. वासंतीने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पडद्यावर हिरव्या रेघांचं इस्पितळ उभं होतं. वरच्या मजल्याचा मधला खांब खाली येत होता आणि त्याला टेकायला खाली काहीच नव्हतं. खालचा खांब चांगला दोन हात बाजूला होता.

घरांचे नकाशे काढून ती बांधून देणाऱ्या अण्णांच्या कचेरीत मुंबईहून हा संगणक आला, तेव्हा त्याच्यापुढे नारळ फुटला होता, हळदकुंकू वाहिलं गेलं होतं. हात बसावा म्हणून अण्णांनी तिला आधीच बांधून झालेलं हे इस्पितळ त्यात उभं करायला सांगितलं. कागदावर प्रत्येक मजल्याचा नकाशा वेगळा असायचा. हे यंत्र मात्र मजल्यावर मजला चढवून सगळी इमारत चारी बाजूंनी दाखवत होतं.

वासंतीला आठवलं. डॉक्टरांची मोटार आत वळेना, म्हणून अण्णांनी खालचा खांब सरकवायला लावला होता. नकाशात तो सरकवला तिनेच. वरच्या मजल्याचा नकाशा बदलायचं दोघांच्याही ध्यानातून निसटलं, आणि इस्पितळ तसंच बांधलं गेलं. आणि कालच बाळंत झालेली तिची भावजय दमयंती त्याच वरच्या मजल्यावर निजली होती.

"अण्णा, जरा इकडे बघता?" तिने कसंबसं विचारलं.

अण्णा आले. वाकून पाहिलं. खालच्या खांबापासून वरच्यापर्यंत बोट नेलं. मग हसले.

"अगो, यंत्र नवं, तुझा हातही नवा. आकडा चुकला असेल. ते इस्पितळ दोन पावसाळे काढून उभं आहे, साधी चीर नाही. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नको. आणि बाहेर बोलू नको हो, लोक हसतील."

वासंतीच्या जिवात जीव आला. अण्णांनी निम्म्या रत्नागिरीची घरं उभी केली होती, त्यांना कळणार नाही तर कोणाला? आपण मेली घाबरटच, असं मनात म्हणून ती हसलीसुद्धा.

अण्णा फळ्यांच्या आडोशापलीकडे आपल्या टेबलाशी गेले. त्यांनी घरी फोन लावला. आवाज दबका होता, पण फळ्यांच्या फटींतून तिला ऐकू आला.

"आपल्या कमलाचं नाव बाळंतपणासाठी त्या इस्पितळात घातलंय ना, ते आजच काढून टाक. पोरीला कोल्हापूरला नेऊ. कारण विचारू नको."