फाईट

समोरच्या दारात टेम्पो लागला तशी साळूबाई ओट्यावर पाठ फिरवून बसली. टेम्पोत काय काय चढतंय ते तिला आवाजावरूनच कळत होतं. पत्र्याची पेटी. मग लोखंडी कॉट. धाकटी जाऊ फुलाबाई उत्रोली सोडून कायमची पुण्याला, मुलाकडे निघाली होती.

अंगण एकच, पण दिवाळीपासून दोघींचा अबोला. कारण काय, तर साळूबाईचा घेवड्याचा वेल फुलाबाईच्या पडवीवर चढला आणि तिनं शेंगा तोडल्या. एवढंच. चाळीस वर्षं दोघी रोज भांडल्या, कधी पाण्यावरून, कधी कोंबड्यांवरून, आणि दर सोमवारी न चुकता एकमेकींची डोकी विंचरली. भांडण खरं रंगायचं ते विंचरतानाच. शेंगांच्या वेळी मात्र दोघी गप्प बसल्या, आणि तिथंच सगळं नासलं.

तेव्हापासून साळूबाईच्या डोक्याला फणी लागली नव्हती. उजवा खांदा वर जात नव्हता. नात शेफाली विंचरते म्हणायची, तर "तुला न्हाई जमायचं" म्हणून म्हातारी तिला उडवून लावायची.

शेफाली उंबऱ्यात बसून मोबाईलवर बघून वहीत उतरवत होती.

"काय लिवतीस?"

"कालेजचं हाय, आज्जी. एका इंग्रजी शब्दाचं मूळ शोधायचंय. फाईट."

"मारामारी?"

"व्हय. पर हितं लिवलंय, लई जुन्या काळी त्याचा अर्थ येगळाच असावा. लोकर उपटायची, विंचरायची, त्याला म्हनत. मग झिंज्या उपटनं. आन मग भांडान."

साळूबाई वळली. "म्हंजी विंचरनं आन भांडनं एकच?"

"तसं म्हनत्यात."

"गोऱ्यांच्यात बी जावा असत्याल," साळूबाई म्हणाली.

समोर टेम्पोचं फाळकं धाडकन लागलं. साळूबाई उठली. कोनाड्यातली फणी घेतली आणि अंगण ओलांडून गेली. फुलाबाई पिशवी काखेला लावून उभी होती.

"भांडायला आलीया," साळूबाई म्हणाली आणि फणी पुढं केली.

फुलाबाईनं फणीकडं बघितलं, मग डोक्याकडं.

"काय ह्ये, अक्का! पाखरांनी घरटं केलंय व्हय?"

"तुज्यामुळंच."

"शेंगा लई जून व्हत्या तुमच्या."

"तरी तोडल्यास."

फुलाबाई पायरीवर बसली. साळूबाई तिच्या खालच्या पायरीवर. टेम्पोतून फुलाबाईच्या मुलानं, मानसिंगनं हॉर्न वाजवला.

"आई, उशीर व्हतोय!"

"थांब रं! आमचं भांडान चाललंय."

फणी गुंत्यात अडकली, फुलाबाईनं हिसका दिला, साळूबाई ओरडली. मग दोघींनी पाच महिन्यांचं सगळं काढलं. पाणी, कोंबड्या, शेंगा, काही काही ठेवलं नाही. वेणी घालून झाली, पिशवीतली काळी दोरी काढून फुलाबाईनं ती करकचून बांधली आणि मागं न बघता टेम्पोत जाऊन बसली.

एक सोमवार गेला. दुसरा आला. घेवड्याचा वेल पडवीवर वाळला होता. साळूबाई आता अंगणाकडं तोंड करून बसायची. फार एकटं वाटायचं तिला, पण सांगणार कुणाला, समोरच्या कुलपाला?

शेफाली तेलाची वाटी आणि फणी घेऊन आली.

"आज्जी, किती घट हाय ही वेणी. डोस्कं दुखत आसंल. सोड, म्या विंचरते."

साळूबाईनं वेणी खांद्यावरून पुढं घेतली आणि पदराखाली मुठीत धरली.

"नगं," ती म्हणाली. "सोडली की भांडान मिटंल."